संगणक शंका-समाधान : डिस्क प्लसची घ्यावी की मायनसची?

नव्या लॅपटॉपमधून डीव्हीडी ड्राइव्ह केव्हाच नाहीसा झाला असला, तरी गोव्यातल्या घराघरांत लग्नामुंजीच्या आणि जत्रेतल्या नाटकांच्या डिस्क अजून कपाटात आहेत, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना एखादे चित्रण द्यायचे झाले, तर 'आमच्या प्लेअरवर लागेल असे दे' ही अट आजही हमखास येते. या विषयावरची पत्रे बरेच दिवस साचली होती. त्यांतली काही, थोडी आटोपशीर करून, या वेळी घेतली आहेत.

साखळीहून एक वाचक लिहितात : गावच्या जत्रेत आमच्या मंडळाने संगीत नाटक केले आणि त्याचे चित्रण मोबाइलवर झाले. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, म्हणून यूएसबीला जोडायचा डीव्हीडी रायटर विकत आणला आणि चित्रणाची फाइल डिस्कवर उतरवली. लॅपटॉपवर ती उत्तम दिसते. परंतु ज्यांनी नाटकात मुख्य भूमिका केली त्या माझ्या काकांच्या जुन्या प्लेअरमध्ये घातली की 'डिस्क एरर' एवढेच येते. दुकानदार म्हणतो की प्लसऐवजी (डीव्हीडी+आर) मायनसची (डीव्हीडी-आर) डिस्क न्या. त्याने काम होईल का?

उत्तर : डिस्क बदलून पाहण्याचा सल्ला चुकीचा नाही, पण आपल्या बाबतीत तो पहिला उपाय नव्हे. आपण मोबाइलची एमपी4 फाइल जशीच्या तशी डिस्कवर ठेवली आहे, असे पत्रावरून दिसते. अशी डिस्क म्हणजे संगणकाच्या दृष्टीने एक पेन ड्राइव्हच असतो. काकांच्या प्लेअरला मात्र फाइल नको असते, त्याला 'डीव्हीडी-व्हिडिओ' या ठरावीक पद्धतीने रचलेले चित्र हवे असते : आपल्याकडच्या 'पाल' या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत 720 गुणिले 576 बिंदूंची, सेकंदाला 25 चित्रांची, एमपेग-2 मध्ये दाबलेली फिल्म, आणि तीही 'व्हिडिओ टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये. हे रूपांतर डीव्हीडी स्टायलरसारखी मोफत मिळणारी प्रणाली करून देते. जुन्या संगणकावर त्याला कित्येक तास लागू शकतात, म्हणून ते काम रात्री लावून ठेवावे.

येथे वेळेचा हिशेब आधी करावा. कोऱ्या डिस्कवर '120 मिनिटे' असे छापलेले असते. त्याचा अर्थ इतकाच, की साधारण चांगला दर्जा राखला तर दोन तासांचे चित्रण त्यावर मावते. तीन तासांचे संगीत नाटक एकाच डिस्कमध्ये कोंबले, तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात, आणि रंगमंचावरच्या अंधाऱ्या प्रवेशांत चित्राचे चौकोन चौकोन दिसू लागतात. दोन थरांची 8.5 जीबीची डिस्क मिळते, पण ती महाग असते आणि जुने प्लेअर तिच्यावर पहिल्या थरावरून दुसऱ्या थरावर जाताना अडखळतात, कधी थांबतातही. त्यापेक्षा मध्यंतरापर्यंतचे अंक एका डिस्कवर आणि उरलेले दुसऱ्या डिस्कवर घ्यावेत. प्रेक्षकांना मध्यंतराची सवय असतेच.

दुसरी गोष्ट : कोरी डिस्क घातली की विंडोज विचारते, ही डिस्क यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? घाईत बहुतेक जण पहिला पर्याय निवडतात. त्या पद्धतीने लिहिलेली डिस्क विंडोजच्या संगणकाबाहेर सहसा वाचली जात नाही. आपण दुसराच पर्याय घ्यावा, आणि कोणत्याही प्रणालीने लिहिताना शेवटी डिस्क बंद करण्याचा, म्हणजे 'फायनलाइज' करण्याचा पर्याय चालू आहे ना हे पाहावे. उघडी राहिलेली डिस्क ज्या रायटरने लिहिली त्यात बिनतक्रार चालते आणि शेजारच्या घरात चालत नाही, म्हणून दोष नेहमी शेजाऱ्याच्या प्लेअरला लागतो.

आता प्लस-मायनसविषयी. मायनस प्रकारची डिस्क पायोनियर कंपनीने 1997 मध्ये आणली आणि डीव्हीडी फोरम या मूळ संघटनेने ती मानली. फिलिप्स, सोनी वगैरे कंपन्यांनी वेगळा गट करून 2002 मध्ये प्लसची डिस्क बाजारात आणली. काही काळ दोन्ही गटांचे रायटरही वेगळे होते, पण आज मिळणारे रायटर दोन्ही प्रकार लिहितात, तेव्हा आपल्या रायटरला दोन्ही सारख्याच. वाचणाऱ्या प्लेअरचे तसे नाही. फार जुना प्लेअर प्लसच्या डिस्कची नोंद ओळखत नाही आणि तिला नाकारतो, तर मायनसची डिस्क त्याला बहुधा चालते. प्लसच्या बाजूने एक सोय आहे : काही रायटरमध्ये लिहिताना डिस्कवरच्या 'बुक टाइप' नोंदीत 'डीव्हीडी-रॉम', म्हणजे कारखान्यात छापलेली डिस्क, असे लिहिता येते, आणि मग जुना प्लेअर फसतो. ही सोय आपल्या रायटरमध्ये असल्यास प्लस, नसल्यास मायनस, असे ठरवावे. पण सुरुवात रूपांतरापासूनच करावी. मायनसच्या डिस्कवर एमपी4 टाकून काकांकडे गेलात, तर चूक डिस्कची नव्हती एवढेच कळेल.

म्हापशाहून एक विद्यार्थिनी विचारते : आमच्या घरच्या जुन्या संगणकात ड्राइव्ह आहे, त्यावर डीव्हीडी असे छापलेले आहे, आणि त्यात डीव्हीडी चालतातही. सीडी लिहिली, ती लिहिली गेली. मात्र डीव्हीडी घातली की 'कोरी डिस्क घाला' असा संदेश येतो. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क आणल्या. ड्राइव्ह बिघडला आहे का?

उत्तर : ड्राइव्ह ठणठणीत आहे. तो डीव्हीडी लिहिणारा नाही, इतकेच. ज्याला 'कॉम्बो ड्राइव्ह' म्हणत, तो हा : सीडी वाचतो आणि लिहितो, डीव्हीडी फक्त वाचतो. ट्रेच्या तोंडावरचे बोधचिन्ह नीट पाहा. 'डीव्हीडी' खाली 'रॉम' आणि शेजारी 'कॉम्पॅक्ट डिस्क रीरायटेबल' असे असेल तर कॉम्बो. 'आर', 'आरडब्ल्यू' ही अक्षरे डीव्हीडीच्याच चिन्हाखाली असतील तर रायटर. चिन्ह पुसले गेले असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हचे मॉडेल दिसते. ते नाव उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावे, म्हणजे कोणत्या डिस्क चालतात आणि कोणत्या वेगाने, याचा पूर्ण तक्ता मिळेल.

नवा अंतर्गत रायटर घ्यायचा विचार असेल, तर आधी पेटी उघडून जोडणी पाहा. चपटी रुंद पट्टी असेल तर ती जुन्या आयडीई पद्धतीची, बारीक केबल असेल तर साटा. दुकानात आज साटाचेच मिळतात. मदरबोर्डवर साटा नसेल, तर बाहेरून यूएसबीला लावायचा घेणे सोपे. आणि आणलेल्या तिन्ही डिस्क टाकू नका, त्या नव्या रायटरमध्ये चालतील.

मडगावहून एक वाचक : मी बाहेरून जोडायचा रायटर वापरतो. डिस्क लिहिताना ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की अनेकदा चूक दाखवून थांबते, आणि काही डिस्क सुरुवातीलाच 'पॉवर कॅलिब्रेशन' असे काहीतरी सांगून नाकारल्या जातात. डिस्क 16 एक्स वेगाच्या आहेत, तेव्हा त्या चांगल्याच असणार. दोष कोठे शोधावा?

उत्तर : पहिल्यांदा त्या 'असणार' विषयी. 16 एक्स ही डिस्कची कमाल मर्यादा असते, तिच्या गुणवत्तेचा दाखला नव्हे. डीव्हीडीचा एक पट वेग म्हणजे सेकंदाला सुमारे 1.385 मेगाबाइट, सीडीच्या एक पट वेगाच्या नऊपट. 16 पटीने लिहिताना डिस्क मिनिटाला नऊ हजारांच्या आसपास फेरे घेते, आणि हा कमाल वेग ड्राइव्हला शेवटी, बाहेरच्या कडेजवळच गाठता येतो. डिस्क लिहिली जाते आतून बाहेर. त्यामुळे रंगद्रव्याचा थर कडेला थोडा असमान पडला असेल, तर ऐंशी टक्क्यांच्या पुढेच घोटाळा होतो. बाहेरून जोडायचे सडपातळ रायटर मुळातच 8 पटीपर्यंत लिहितात, पण कडेचा दोष तेथेही तितकाच नडतो.

हे डोळ्यांनी पाहता येते. अर्धवट राहिलेली डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरा : मध्यापासून निघालेला, जरा गडद जांभळट पट्टा दिसेल, आणि कडेच्या बाजूला एका स्वच्छ वर्तुळावर तो संपून पुढे फिकट भाग सुरू होईल. गडद भाग लेसरने भाजलेला आहे, फिकट भाग कोरा. ते वर्तुळ प्रत्येक डिस्कवर साधारण एकाच जागी असेल, तर डिस्कच्या गठ्ठ्यावर संशय घ्यावा. वेगवेगळ्या जागी असेल तर ड्राइव्ह, केबल किंवा वीज.

विजेचे म्हणाल, तर बाहेरचा रायटर आपली वीज संगणकाच्या यूएसबीतूनच घेतो. यूएसबी 2 चा पोर्ट ठरलेल्या मापाप्रमाणे 500 मिलिअँपिअर देतो, यूएसबी 3 चा 900, आणि लिहितानाच्या क्षणी रायटरची भूक याहून जास्त असू शकते. म्हणून काही रायटरसोबत दोन तोंडांची केबल येते. ती दोन्ही तोंडे लावायची असतात, एक वाया नाही. यूएसबी हबमध्ये किंवा डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टमध्ये लावून लिहू नये. मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावून एक डिस्क लिहून पाहा. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

'पॉवर कॅलिब्रेशन'चा अर्थ असा : प्रत्येक डिस्कच्या आतल्या बाजूला एक लहानशी राखीव जागा असते, आणि लिहायच्या आधी ड्राइव्ह तेथे लेसरचा जोर कमी-जास्त करून चाचणी घेतो. ती जुळली नाही की डिस्क नाकारली जाते. कारणे दोन : लेसरच्या भिंगावर धूळ किंवा बुरशी बसली असेल, किंवा ड्राइव्हला त्या डिस्कची ओळख नसेल. ओळखीसाठी प्रत्येक डिस्कवर कारखान्यातच उत्पादकाचा एक संकेत कोरलेला असतो, आणि ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतच बसवलेल्या प्रणालीत, त्या संकेतापुढे लेसरचा जोर आणि स्पंदनाची रीत नोंदवलेली असते. नोंद नसेल तर ड्राइव्ह अंदाजाने लिहितो. इमगबर्न ही मोफत प्रणाली उघडून कोरी डिस्क घातली, की तो संकेत आणि ड्राइव्ह त्या डिस्कला देऊ शकणारे वेग उजव्या बाजूला दिसतात. त्यावरून ध्यानात येईल, की वेष्टनावरचे नाव आणि प्रत्यक्ष कारखाना यांचा नेहमी संबंध असतोच असे नाही. एकाच नावाच्या दोन गठ्ठ्यांत दोन कारखान्यांच्या डिस्क निघतात.

म्हणूनच माझी पद्धत अशी, की नव्या नावाचा पन्नासांचा डबा एकदम घेत नाही. मी स्वतः एकदा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, नाव-गाव नसलेल्या सुट्या डिस्कचा गठ्ठा स्वस्तात मिळाला म्हणून घेतला होता, आणि त्यातल्या निम्म्या लिहिताना फसल्या. उरलेल्या लिहिल्या गेल्या खऱ्या, पण दोन पावसाळ्यांनंतर त्यांतली एकही उघडली नाही. पैसे वाचले ते असे. पाच डिस्क घ्याव्यात, 8 पटीने लिहाव्यात, 'व्हेरिफाय', म्हणजे लिहिलेले परत वाचून तपासण्याचा पर्याय, चालू ठेवावा, आणि सर्व पास झाल्या तर त्याच संकेताचा डबा आणावा. वेगाला उतावीळ होण्यातही फारसा अर्थ नाही, कारण 8 पटीने पूर्ण डिस्क आठ ते दहा मिनिटांत होते आणि 16 पटीने पाच-सहा मिनिटांत. फार सावकाश, एक-दोन पटीनेही लिहू नये. वेगवान डिस्कचे रंगद्रव्य तितक्या मंद भाजणीसाठी बनवलेले नसते, आणि चुका उलट वाढतात.

पेडण्याहून एक शिक्षक : डिस्कवर 4.7 जीबी छापलेले असते, संगणक 4.38 दाखवतो. उरलेली जागा कोणी खाल्ली?

उत्तर : कोणीही नाही. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो. विंडोज 1024 च्या तीन वेळा गुणाकाराने धरते, म्हणून तेच 4.7 तेथे 4.38 दिसते. दोन थरांच्या 8.5 चे 7.95 होतात. फाइली निवडताना विंडोजचाच आकडा पाहा, आणि कडेपर्यंत भरू नका. शंभर-दोनशे एमबी जागा सोडलेली बरी, कारण कडा हीच डिस्कची सर्वांत अविश्वासू जागा आहे.

काणकोणहून एक वाचक : आमचे घर समुद्रापासून जवळ आहे. लग्नाच्या आणि वडिलांच्या कीर्तनाच्या डिस्क कपाटात प्लॅस्टिकच्या पाकिटांत होत्या. यंदा पावसाळ्यानंतर पाहिले तर काहींवर पांढरे ठिपके आणि धाग्यांसारखी नक्षी आहे. दोन डिस्क उघडतात, एक अडकते, एक मुळीच उघडत नाही. काही करता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी नीट पाहून घ्यावे. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, आणि मजकूर त्यांच्या मधोमध असतो. त्यामुळे वरच्या पृष्ठभागावरची बुरशी बहुधा वरचीच असते, धुता येते. कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या सौम्य साबणाचा थेंब टाकून, मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. गोल गोल पुसले तर ओरखडा मार्गिकेच्या दिशेने पडतो आणि सलग मजकूर एका फटक्यात जातो. आडवा ओरखडा ड्राइव्ह सावरून घेऊ शकतो. मग सावलीत वाळवावे. नक्षी पुसूनही जात नसेल आणि डिस्क उजेडाकडे धरल्यावर टाचणीच्या टोकाएवढी प्रकाशाची भोके दिसत असतील, तर आतला परावर्तक थर खाल्ला गेला आहे, त्याला घरगुती उपाय नाही.

अडकणारी डिस्क धुतल्यावर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. ड्राइव्ह-ड्राइव्हमध्ये वाचण्याच्या ताकदीचा फरक मोठा असतो, आणि जिने नव्या सडपातळ रायटरमध्ये मान टाकली ती डेस्कटॉपच्या जुन्या ड्राइव्हमध्ये वाचली गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. साध्या कॉपीने ती अडत असेल, तर लिनक्सवरची डीडीरेस्क्यू ही प्रणाली वापरावी. ती वाचता येणारा भाग आधी उचलते आणि खराब जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळते. एका डिस्कला रात्रभर लागला तरी चालेल. वडिलांच्या कीर्तनाची डिस्क सर्वांत आधी घ्या, कारण लग्नाची प्रत नातेवाइकांकडे असण्याची शक्यता असते, कीर्तनाची नसते.

पुढच्या साठवणीसाठी मऊ पाकिटे सोडून द्यावीत. पावसाळ्यात ती डिस्कला चिकटतात. कठीण डबीत, उभ्या ठेवाव्यात, आणि डब्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवाव्यात. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घ्यावेत. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे, कारण जांभ्या दगडाच्या जुन्या भिंती आश्विनापर्यंत ओल सोडत राहतात. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. दमट हवेत ते एका बाजूने ओढ घेते आणि डिस्क फिरताना डगमगते. नाव मऊ टोकाच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. सीडी असेल तर बॉलपेन मुळीच नको, कारण सीडीचा परावर्तक थर वरच्या पातळ लाखेच्या लगेच खाली असतो आणि पेनचा दाब थेट मजकुरावर पडतो.

सेंद्रिय रंगद्रव्याऐवजी दगडासारख्या थरावर कोरणाऱ्या 'एम-डिस्क' मिळतात. हजार वर्षे टिकतील असा त्यांच्या उत्पादकांचा दावा आहे, तो तपासायला आपल्यापैकी कोणी असणार नाही, पण ओल आणि उजेड यांना त्या नेहमीच्या डिस्कपेक्षा अधिक दाद देत नाहीत हे तत्त्वतः पटण्यासारखे आहे. त्या लिहिण्यासाठी रायटरवर एम-डिस्कचे चिन्ह असावे लागते. त्या घ्या वा न घ्या, कीर्तनाची एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक प्रत घराबाहेर, पणजीत किंवा पुण्यात राहणाऱ्या भावंडाकडे, असू द्या.

वास्कोहून एक वाचक : पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क घेतल्या तर खर्च वाचेल का?

उत्तर : चाचणीसाठी अवश्य घ्या. नाटकाची डिस्क तयार करताना मेनू बरोबर आला का, आवाज जुळतो का, हे आधी आरडब्ल्यूवर पाहून मग कायमच्या डिस्कवर उतरवले, की फुकट जाणाऱ्या डिस्क वाचतात. एक डिस्क साधारण हजार वेळा पुसून लिहिता येते. मात्र तिच्यावरून परत येणारा प्रकाश साध्या डिस्कपेक्षा बराच कमी असतो, इतका की जुना प्लेअर तिला दोन थरांची डिस्क समजून गोंधळतो. काकांना द्यायला ती नको.

फोंड्याहून एक गृहिणी : आमचा डीव्हीडी प्लेअर बंद पडला. टीव्हीला यूएसबीची जागा आहे. त्यात बाहेरचा रायटर लावला तर डिस्क दिसतील का?

उत्तर : बहुतेक टीव्हींवर दिसणार नाहीत. टीव्हीची यूएसबी पेन ड्राइव्ह ओळखते, डिस्क फिरवणारा ड्राइव्ह नव्हे, आणि त्याला लागणारी वीजही ती पुरवू शकतेच असे नाही. रायटर लॅपटॉपला लावा, लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा, आणि व्हीएलसी या मोफत प्रणालीत डिस्क उघडा. डिस्क घरी लिहिलेल्या असल्या आणि हाताशी वेळ असला, तर त्याच बैठकीत त्यांच्या प्रती पेन ड्राइव्हवर एमपी4 करून घ्या, म्हणजे पुढच्या चतुर्थीला पाहुण्यांसमोर लॅपटॉप, रायटर आणि केबल यांची जुळवाजुळव करावी लागणार नाही.